सुटे भाग आणि जोडणी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव समितीचे निमंत्रण आले तेव्हा 'विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल असे काही बोलावे' एवढीच सूचना होती. मी आयुष्यभर रेल्वेच्या विद्युत विभागात काम केले, तेव्हा आपण इंजिनांविषयी ऐकायला मिळेल या अपेक्षेने बसला असाल. मी मात्र आज खेळासाठी बनवलेल्या एका संगणकाविषयी बोलणार आहे. 'गेमिंग' हा शब्द ऐकताच मागच्या ओळींतील काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला येथून दिसत आहेत. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच शेजारी, तशाच आठ्या घालून बसलो असतो.

भुसावळच्या मुलाने रेल्वेत जावे यात नवल नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा मध्य रेल्वेची हद्द थेट झाशीच्या पुढपर्यंत होती. त्यामुळे गाव सुटले तरी लोहमार्ग तोच राहिला. इटारसी, भोपाळ करीत सुमारे ७०० किलोमीटर वर सरकलो इतकेच. पुढे एप्रिल २००३ मध्ये झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मीही त्याच्याबरोबर गेलो. झाशीत मराठी माणूस परका नाही. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते मंदिर आजही तेथील मराठी घरांना माहेरासारखे वाटते. माझा मुलगा त्या गावात वाढला. घरी मराठी, बाहेर हिंदी, मित्रांत बुंदेली अशा तिन्ही भाषांत तो लहानपणी अखंड बोलत असे.

करोनाच्या दोन वर्षांत त्याचे बोलणे थांबले. शाळा मोबाइलच्या पडद्यावर आली, मित्रही पडद्यावर आले, आणि शाळा पुन्हा उघडली तेव्हा मुलगा मात्र पडद्यातच राहिला. अकरावीचे गुण घसरले. मी मोबाइल काढून घेतला. त्यावर तो भांडला नाही, याचीच मला अधिक भीती वाटली. जेवणाच्या ताटावर हो-नाही याखेरीज शब्द नसे. त्याची आई आम्हा दोघांमधील निरोप इकडून तिकडे पोहोचवी.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी त्याने वहीचे एक पान माझ्यासमोर ठेवले. त्यावर आठ नावे आणि आठ किमती होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर. खाली बेरीज : ८५ हजार रुपये. "बाबा, तयार घेतला तर महाग पडतो. मी जोडीन," एवढेच तो म्हणाला.

माझ्या तोंडावर नकार आला होता. पण ते पान मी पुन्हा वाचले, आणि माझ्यातला देखभाल करणारा माणूस जागा झाला. यादीत ग्राफिक्स कार्ड सर्वांत मोठे होते आणि पॉवर सप्लाय सर्वांत स्वस्त. मी म्हटले, "हे इंजिन आठवड्यात जळेल." त्याने विचारले, "का?" कित्येक महिन्यांनी त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी अट घातली : यादीतील प्रत्येक वस्तू हीच का आणि दुसरी का नाही, हे तू मला पटवून द्यायचे. पटले तर पैसे मी देईन. वायफळ खर्च निघाला तर यादी फाडायची.

पुढचे दोन महिने आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर जणू एक वर्ग भरत असे. त्यात शिक्षक तो होता.

ग्राफिक्स कार्ड हवेच कशाला, हा माझा पहिला आक्षेप. त्याने हिशेब मांडला. साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. खेळ सुरळीत दिसायचा तर हे चित्र सेकंदाला किमान साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रोसेसरमध्ये सहा गाभे असतात. ते सहा विद्वान पंडितांसारखे, कोणतेही अवघड काम करतील, पण सहाच. त्याच्या यादीतील आरटीएक्स ३०६० या कार्डात ३,५८४ लहान गाभे होते. एकेकटा सामान्य, पण सारे मिळून एकच पाढा एकदम म्हणणारे. मला आपली शाळा आठवली. प्रांगणात सगळी शाळा एका सुरात पाढे म्हणत असे, तेव्हा कोणाची हुशारी लागत नव्हती, संख्या लागत होती.

येथे मला त्याला काही सांगता आले. मी दहावी झालो त्या १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेचे महासंगणक आपल्याला हवे तसे मिळत नव्हते. तेव्हा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर आणि त्यांचे सहकारी यांनी एकच बलाढ्य प्रोसेसर मिळवण्याचा नाद सोडला आणि ट्रान्सप्युटर नावाचे लहान, बाजारात मिळणारे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडले. १९९१ मध्ये त्यातून 'परम ८०००' उभा राहिला. मुलगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनीही सुटे भागच जोडले." त्याच रात्री त्याने मला सांगितले की २०१२ साली चित्रे ओळखणाऱ्या ज्या प्रणालीने आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मोठी चालना दिली, ती टोरांटोच्या संशोधकांनी खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर शिकवून तयार केली होती. मी आठ्या काढून ठेवल्या असे नाही. पण त्या थोड्या सैल झाल्या.

पॉवर सप्लायचा विषय मात्र माझा. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १७० वॅट, बाकीचे पन्नाससाठ. बेरीज ३०० च्या आसपास. "मग ४०० वॅटचा पुरेल," असे त्याचे म्हणणे. मी त्याला सांगितले की मालगाडी सपाटीवर धावते तेव्हाची ओढ आणि जागेवरून हलते तेव्हाची ओढ एक नसते. कार्डही क्षणार्धात आपल्या नेमलेल्या मापापेक्षा बरेच अधिक मागते. शिवाय डब्यावर लिहिलेले वॅट आणि मे महिन्याच्या उष्म्यात खरोखर मिळणारे वॅट यांत अंतर असते. कार्ड बनवणारी कंपनीच ५५० वॅट सुचवते, हे मग त्याने स्वतः शोधून काढले. आम्ही ६५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घेण्याचे ठरवले आणि ती वाढ भरून काढायला त्याने मदरबोर्डवरील रंगीत दिव्यांचा हट्ट सोडला. पालकहो, या एकाच बाबतीत मी ठाम सल्ला देईन : पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. तो बिघडताना बरोबरच्या वस्तूंनाही घेऊन जाऊ शकतो.

रॅम आणि एसएसडीबाबत वाद झाला नाही. सोळा जीबी रॅम एकाच पट्टीत न घेता आठ-आठच्या दोन पट्ट्या घेतल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, एवढे कळले आणि आम्ही पुढे गेलो. प्रोसेसर व मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे लागते, हे तर गाडी आणि रुळाच्या रुंदीइतके उघड आहे.

कॅबिनेटवर मात्र आठवडा गेला. त्याला समोरून काच असलेले हवे होते. झाशीचा उन्हाळा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगतो : पारा ४५ अंशांवर जातो, आणि बुंदेलखंडाची धूळ बंद कपाटातल्या कपड्यांवरही बसते. विद्युत इंजिनात मोटारींना थंड ठेवायला मोठे ब्लोअर असतात. त्यांची वाट गाळण्यांतून जाते आणि त्या तुंबल्या की मोटारी तापतात. मी त्याला एका सुटीच्या दिवशी नकाशा काढायला लावला : हवा आत कोठून येते, कशावरून जाते, बाहेर कोठून पडते. नकाशा पुरा होताच त्यानेच काच खोडली. पुढे जाळी, तिच्यामागे धुण्याजोगी गाळणी, दोन पंखे आत हवा घेणारे, एक मागे बाहेर टाकणारा, असे ठरले.

भाग आणायला आम्ही दिल्लीच्या नेहरू प्लेसला गेलो. झाशीहून दिल्ली सुमारे ४०० किलोमीटर. १९८८ मध्ये नेहरूंच्या जन्मशताब्दीनिमित्त देशातील पहिली शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली ती नवी दिल्ली आणि झाशी यांच्यामध्येच, हे मी त्याला वाटेत ऐकवले. डिसेंबरच्या धुक्यात गाडी उशिरा पोहोचली, त्यामुळे ऐकायला त्याला वेळ भरपूर होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी 'खाणकामे' बंद पडली होती आणि वर्षानुवर्षे रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात स्वस्तात येत होती. एका दुकानदाराने तसेच एक पुढे केले. मुलाने ते हातात घेतले, पंख्याच्या पात्या बोटाने हलवून पाहिल्या, पक्के बिल आणि वॉरंटी मागितली. दोन्ही नव्हते. त्याने कार्ड नम्रपणे परत ठेवले. मी मागे उभा राहून हे पाहत होतो. त्या क्षणी मला त्याच्या गुणपत्रिकेविषयी वाटणारी चिंता बरीच हलकी झाली, हे कबूल करतो.

जानेवारीच्या एका रविवारी जोडणी झाली. थंडीत लोकरीच्या कपड्यांमुळे अंगात स्थिर विद्युत साठते आणि तिच्या एका ठिणगीने नाजूक भाग निकामी होऊ शकतो. म्हणून स्वेटर काढून, लाकडी टेबलावर, अधूनमधून धातूला हात लावीत आम्ही बसलो. प्रोसेसर त्याने बसवला. त्या चौकोनी तुकड्याला जोर लावायचा नसतो. खुणेवर ठेवला की आपल्याच भाराने बसतो. पेस्ट, कूलर, रॅम, मग सारे कॅबिनेटमध्ये. तारा मी बांधल्या, कारण तारा नीट बांधणे हा माझा पोटापाण्याचा धंदा.

बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळाच.

अर्धा तास आम्ही सगळे काढून पुन्हा बसवले. पडदा काळाच. ८५ हजार रुपये टेबलावर निपचित पडले होते आणि माझा आवाज चढू लागला होता. 'तरी मी म्हणत होतो' हे शब्द ओठांवर आले असताना मुलगा शांतपणे मदरबोर्डची पुस्तिका उघडून बसला. पाच मिनिटांनी म्हणाला, "बाबा, मॉनिटरची तार कोणी लावली?" मी लावली होती. ती मी मदरबोर्डच्या खाचेत लावली होती. आमच्या प्रोसेसरमध्ये चित्र काढण्याची सोयच नव्हती. तार खाली, कार्डाच्या खाचेत लावायला हवी होती. त्याने ती काढून खाली लावली आणि पडदा उजळला. अठ्ठावीस वर्षे विद्युत विभागात काढलेला मी, तार चुकलो होतो. तो हसला नाही. "होतं असं, पुस्तिकेत ठळक लिहिलेलंय, म्हणजे सगळ्यांचंच होत असणार," म्हणाला. मीच मग हसलो, आणि त्यानंतर तोही.

आता आपण विचाराल, अभ्यासाचे काय झाले? खरे सांगतो, पहिला महिना वाईट गेला. तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळत असे. मग वेळ ठरवावी लागली, आणि ती पाळण्यावरून भांडणेही झाली. पण ती समोरासमोर, मोठ्या आवाजात झालेली भांडणे होती. त्याची आई म्हणाली, "निरोप्याच्या कामातून माझी सुटका झाली." बारावीचे गुण बरे मिळाले, फार नाहीत. जेथे जायचे होते तेथे प्रवेश मिळाला नाही. दुसरीकडे मिळाला आणि तो गेला.

संगणक झाशीलाच आहे. वसतिगृहाची खोली लहान आहे. गेल्या मे महिन्यात त्याचा पंखा अचानक मोठ्याने घोंघावू लागला. मी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून मुलगा सांगत होता आणि अलीकडे मी स्क्रू काढीत होतो. गाळणीत धुळीचा थर बोटभर जमला होता. "बाबा, आधी स्विच बंद केलात ना?" त्याने विचारले. मी म्हटले, "अरे, मी विद्युत विभागातला." तो म्हणाला, "म्हणूनच विचारतोय."

मी उठून पाहिले. स्विच चालूच होता.