आलेखावरची टिचकी

वर्धा जिल्ह्यात ८ तालुके आहेत. समजा, त्यांच्या कापूसपेऱ्याचा आलेख इंटरनेटवर आहे. हिंगणघाटच्या स्तंभावर टिचकी मारली की तिथले आकडे दिसायला हवेत. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररची टिचकी ओळखण्याची रीत निराळी, फायरफॉक्सची निराळी. दोन्हींसाठी मी वेगळ्या ओळी लिहीत असे. २०११ च्या नवव्या आवृत्तीपासून एक्स्प्लोररनेही सर्वमान्य रीत स्वीकारली. एक अडचण मात्र आजही आहे. दुसऱ्या संकेतस्थळावरून आणून चौकटीत बसवलेल्या आलेखावरची टिचकी बाहेरच्या पानाला कळत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच. म्हणून आलेखाने पानाला निरोप धाडावा आणि पानाने तो कुणाचा, हे तपासून घ्यावे. एवढे राहिले तर शेतकरी पुन्हा पुन्हा टिचकी मारतो आणि आपलेच चुकले समजतो. चूक त्याची नसते.