बॅट हाती दिल्यानंतर

(सातारा येथे पालक व क्रीडाशिक्षकांसमोर केलेले भाषण)



२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत ४३४ धावा काढणारी स्मृती मानधना आपल्या शेजारच्या सांगलीची. त्यानंतर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक घरांत मुलींनी बॅट मागितली असेल. बॅट घेऊन देणे सोपे आहे. त्यापुढील दहा वर्षांचे काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

स्मृतीचा जन्म १९९६ चा, मुंबईचा. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीला आले. वडील व भाऊ जिल्हा पातळीवर खेळलेले. भावाचा खेळ पाहतच तिने बॅट धरली. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात निवडली गेली. एप्रिल २०१३ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती भारताकडून खेळली. त्याच ऑक्टोबरमध्ये तिने गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या.

या प्रवासात अकरा ते सोळा ही वर्षे निर्णायक आहेत. नेमक्या याच काळात दहावी येते, परगावी सामने येतात आणि ‘मुलीबरोबर जाणार कोण?’ हा प्रश्न येतो. या वयात मुलीचा खेळ सुटतो तो बहुधा गुणांच्या अभावी नव्हे, तर सोबतीच्या अभावी. मानधना कुटुंबाने हा प्रश्न घरातच सोडविला. क्रिकेटला वेळ मिळावा म्हणून स्मृतीने विज्ञानाऐवजी वाणिज्य शाखा घेतली. पण प्रत्येक घरी क्रिकेट खेळलेला पिता नसतो. तेथे समाजाने पुढे यावयाचे असते.

दुसरी उणीव मैदानाची. स्मृतीचा सांगलीतील बराच सराव सिमेंटच्या खेळपट्टीवर झाला. सिमेंटवर चेंडू वेगाने व सारख्या उंचीने उसळतो. त्यामुळे मागच्या पायावरचे फटके पक्के होतात. परंतु मातीच्या खेळपट्टीवर थांबून येणारा, वळणारा चेंडू तेथे भेटत नाही. सामने मात्र मातीवरच होतात. म्हणून मातीची खेळपट्टी, तिच्यावर मुलींसाठी राखून ठेवलेली वेळ आणि वर्षभर पुरेसे सामने, या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. केवळ जाळ्यातील सरावाने खेळाडू घडत नाही.

आज वाट पूर्वीपेक्षा रुंद आहे. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तेव्हा संघ अवघे तीन होते. २००६ मध्ये महिला क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले. एकदिवसीय सामन्याला सहा लाख रुपये. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. हे आकडे पाहून पालकांनी हुरळून जाऊ नये. त्या शिखरावर मोजक्याच पोहोचतील; म्हणून शिक्षण सोडवून खेळ नको आणि शिक्षणाच्या नावाखाली खेळाचा बळीही नको.

साताऱ्याच्या मातीला गुणांची वाण नाही. माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये, सतराव्या वर्षी, बर्लिनमध्ये तिरंदाजीची विश्वविजेती झाली. आणि १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून लोकांनी वर्गणी जमवली होती. त्यांनी कांस्यपदक आणले.

जे खाशाबांसाठी झाले, ते आज तालुक्यातील बारा वर्षांच्या मुलींसाठी व्हावे. प्रवासाला सोबत जाणारी एक शिक्षिका, आठवड्यातून तीन सायंकाळी मोकळे मैदान, निवड-चाचणीचे प्रवासभाडे एवढेच मागणे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने यातील एक जबाबदारी उचलावी, अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.