परसातला मोहोर



शाहू महाराजांनी १९०६ साली येथे कापडगिरणी काढली, तेव्हापासून कोल्हापूर मजुरीचा हिशेब जाणते. आम्ही चळवळीतली माणसे परसातल्या आंब्यालाही तोच हिशेब लावतो. माघात मोहोर फुलतो. एका तुऱ्यावर फुले शेकड्यांनी, कधी हजारांनी. त्यांतली बरीचशी नर. फळ धरते हजारात एखाददुसरे, आणि तेही बहुतांशी माश्यांच्या कष्टाने. या फुलाचा पराग त्या फुलावर त्याच नेतात. आणि आपण? मळभ आले, तुडतुडे दिसले, की उमललेल्या मोहोरावर विषारी औषध मारतो. तुडतुड्यांबरोबर माश्याही मरतात. मग बोल झाडाला! औषध मारायचेच तर फुले उमलण्याआधी मारा. बिनपगारी राबणाऱ्यांचा जीव तरी घेऊ नका, एवढीच आमची मागणी आहे.