तेलाच्या थराची ताकद

इंजिनात ऑइल टाकताना आपण म्हणतो, पार्ट घासू नयेत म्हणून टाकतोय. एवढंच कळलं की ऑइल हे निसरडं करणारं काहीतरी वाटतं, आणि पातळी बघायचा कंटाळा येतो. प्रत्यक्षात ते ओझं पेलतं. कसं, ते सांगतो.

1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसासारख्या दांड्यावर प्रयोग करत होते. फिरता दांडा, त्याच्या डोक्यावर अर्धं बेअरिंग, खाली तेलात बुडालेली दांड्याची बाजू. वरूनही तेल सोडावं म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. यंत्र सुरू झालं आणि तेल आत जायचं सोडून त्या भोकातून वर उसळू लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर! शेवटी तिथे प्रेशर गेज बसवला. बेअरिंगवर सरासरी भार चौरस इंचाला 100 पौंड, आणि काटा 200 च्या पुढे.

त्या खुंटीचं कोडं 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने सोडवलं. दांडा फिरताना तेल स्वतःबरोबर ओढतो आणि निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. तेलाला सहज निसटता येत नाही, दाब चढतो, आणि दांडा धातूवरून उचलला जातो. तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्ट याच थरावर फिरतो. ऑइल पंप फक्त तेल पोहोचवतो. वजन उचलणारा दाब फिरण्यातून येतो.

म्हणूनच इंजिन बंद असलं की शाफ्ट बेअरिंगवर टेकलेला असतो, आणि सुरू होतानाचे पहिले क्षण सगळ्यात झिजवणारे. चावी फिरवल्या फिरवल्या ॲक्सिलरेटर पिळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. हँडल मारायच्या जुन्या डिझेल इंजिनावरचे शेतकरी डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून आधी काही फेरे देत. ते फेरे वेग यावा म्हणून, पण तेवढ्यात ऑइलही हलायला लागे.

‘जाड ऑइल म्हणजे भारी ऑइल’ हा समज मात्र सोडा. थंडीत फार जाड ऑइल जागेवर पोहोचायला वेळ लावतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच घाला.

आणि ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हेही चुकीचं. पातळी फार वाढली तर फिरता क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, पंपात हवा जाते. हवा भार पेलत नाही. साधारणपणे गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर थोडं थोडं घाला. वरच्या खुणेपलीकडे गेलं असेल तर जास्तीचं काढा, आणि मगच स्टार्टर मारा.