आधी ओळख, मग शस्त्र



आपल्या संगमनेरहून नाशिकचा रस्ता धरला,
की पुढं गोदाकाठ येतो.
तिथंच नाशिककरांनी २०१९ साली आपल्या मुलाला अखेरचा निरोप दिला.
स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे यांना.

ते गेले, ती तारीख होती २७ फेब्रुवारी.
पाकिस्तानातल्या बालाकोटवर भारतानं केलेल्या हवाई हल्ल्याचा दुसरा दिवस.
सीमेवर भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांची लढाऊ विमानं आकाशात होती.

त्या सकाळी श्रीनगरहून निनाद यांना घेऊन एमआय-१७ हेलिकॉप्टर उडालं.
पुरात कुणी अडकलं,
डोंगरात जवान जखमी झाला,
तर शोधायला, सोडवायला अशीच हेलिकॉप्टरं धावतात.

काही मिनिटांतच ते हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं.
हवाई दलाचे ६ जण गेले.
जमिनीवरचा एक नागरिकही गेला.

पुढं चौकशी झाली.
हेलिकॉप्टरला लागलेलं क्षेपणास्त्र आपलंच होतं.
हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक जाहीरपणे मान्य केली.

श्रोतेहो, अशी चूक होते कशी? रडारच्या पडद्यावर दिसतो फक्त एक ठिपका.
तो आपला की परका?
त्यासाठी जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो.
विमानातलं यंत्र सांकेतिक उत्तर देतं.
उत्तर आलं, तर आपला.
पण उत्तर आलं नाही, म्हणजे शत्रूच, असं नाही.
म्हणून उड्डाणाची नोंद आणि नियंत्रण कक्षाशी बोलणंही तितकंच महत्त्वाचं.

आधी ओळख, मग शस्त्र.
पुन्हा सांगते, आधी ओळख, मग शस्त्र.

हा धडा ७ जिवांच्या मोलानं मिळाला आहे.
तो जपणं, हीच त्यांना खरी आदरांजली.