बादलीभर पाण्यात साबण किती?

गाडी धुण्याच्या साबणाचे काम दोन प्रकारचे. पत्र्याला चिकटलेला तेलकट मळ तो सुटा करतो आणि सुटलेला मळ पुन्हा पत्र्यावर बसू देत नाही. पाण्यात साबण वाढवत गेल्यास ही ताकद एका मर्यादेपर्यंत वाढते. त्यापुढे वाढतो तो नुसता फेस. हा जादा फेस काढायला पाणीही जास्त लागते. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी साबणाचे माप चुकले की साबणाबरोबर पाणीही वाया जाते.

प्रमाण शाम्पूच्या बाटलीवर छापलेले असते. एकास दोनशे लिहिले असेल, तर दहा लिटर पाण्याला पन्नास मिलिलिटर शाम्पू पुरतो. एकास पाचशे असेल, तर वीस मिलिलिटर. बाटलीच्या झाकणाचा भरवसा धरू नये. प्रत्येक झाकणात मावणारे माप वेगळे असते. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या पेल्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. तो यासाठी वापरावा, मात्र नंतर त्यातून औषध घेऊ नये. बादलीचेही माप एकदा करून घ्यावे. लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतावे आणि पाणी जिथवर चढेल तिथे रंगाने रेघ मारावी.

प्रमाण पाण्यावर ठरते, गाडीच्या आकारावर नव्हे. मोटारसायकलला अर्धी बादली पुरते, लहान मोटारीला एक, जीपला दोन. प्रत्येक बादलीत साबणाचे प्रमाण मात्र तेच. कपड्यांची पावडर टाळावी. ती जास्त अल्कधर्मी असल्याने रंगावरचा मेणाचा थर उतरवते.

पावसाळ्यात मुरबाड-माळशेज रस्त्यावरचा चिखल आणि उन्हाळ्यात वीटभट्ट्यांची लाल धूळ साबण वाढवून निघत नाही. आधी साध्या पाण्याने ती भिजवून खाली उतरवावी लागते. सुक्या धुळीवर साबणाचे फडके फिरवले, तर वाळूचे कण रंगावर ओरखडे काढतात. मग सावलीत, टपापासून खाली येत गाडी धुवावी आणि चाके शेवटी घ्यावीत.

बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्यात फेस कमी येतो, म्हणून साबण दुप्पट करायची गरज नसते. फडके पत्र्यावर अलगद सरकत असेल आणि मळ ओघळत असेल, तर साबण पुरेसा आहे. वाळल्यावर बॉनेटवर पांढरे डाग राहिले, तर एका कोपऱ्यावर नुसते पाणी टाकून ते वाळू द्यावे. तिथेही डाग पडले, तर दोष पाण्यातल्या क्षारांचा. तसे पाणी वाळण्याआधीच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. तिथे डाग पडले नाहीत, तर साबण जास्त झाला किंवा नीट धुतला गेला नाही असे समजावे.

गाडी नदीत उतरवून धुऊ नये. साबणातले घटक माशांच्या कल्ल्यांना इजा करतात, आणि भातसा व काळू या नद्यांचे पाणी पुढे उल्हास नदीला मिळते. साबणाचे पाणी विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, मातीत मुरू द्यावे. बादलीवरची एक रेघ आणि खुणांचा एक पेला, एवढ्या साधनांवर साबण, पाणी आणि गाडीचा रंग तिन्ही वाचतात.