पंधरा मिनिटांची भेट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरात पिणारा माणूस असला, की सल्ला देणाऱ्यांची कमतरता नसते. कुणी म्हणतं, मनाचा निग्रह पाहिजे. कुणी म्हणतं, देवावर सोडा. निग्रहाची शपथ सोमवारी घेतली जाते आणि शनिवारी मोडते. आणि देवावर सोडावं, तर तोवर घरातली भांडी मोडीत जातात. आज मी ज्या वाटेबद्दल बोलणार आहे ती ख्रिस्ती श्रद्धेतून निघाली. मी मुसलमान आहे, पण त्या वाटेवरून परतलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून बोलतो.

गोष्ट मे १९३५ची, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावची. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस तिथं एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फिसकटला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या दर्शनी दालनात एका बाजूला दारूचा बार आणि त्यातलं हसणं-खिदळणं, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चांची यादी. त्यानं फोन उचलला. 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असं काही तो म्हणाला नाही. त्याला भेटायचा होता दुसरा एखादा दारुडा!

यामागं त्याचा अनुभव होता. पाच महिने तो न्यूयॉर्कमध्ये पिणाऱ्यांना उपदेश करत फिरला होता. एकही सुधारला नाही. पण तो स्वतः मात्र प्याला नव्हता.

एका धर्मगुरूंच्या आणि एका श्रद्धाळू बाईंच्या ओळखीनं दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टर अडीचेक वर्षं 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती मंडळात जात होते, बायबल वाचत होते, प्रार्थना करत होते आणि पीतही होते. आणखी एक उपदेशक येणार म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं, फक्त पंधरा मिनिटं. भेट संध्याकाळी पाचला सुरू झाली आणि रात्री अकरा वाजून गेले तरी बोलणं चालूच होतं. बिलनं उपदेश केला नाही, आपली कहाणी सांगितली. डॉक्टर त्यानंतर एकदा घसरले. पण १० जून १९३५ नंतर १९५०मध्ये मरेपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते.

त्या पहिल्या मंडळींना नव्या करारातलं याकोबाचं पत्र फार जवळचं होतं. कृतीत न उतरलेली श्रद्धा मेलेलीच, असा त्या पत्राचा रोख आहे. त्यांच्या बारा पायऱ्या पाहिल्या तर त्यांत चमत्कार कमी आणि मेहनत जास्त. आपल्या चुकांची यादी करायची, ती दुसऱ्या माणसासमोर वाचायची, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, आणि मग रोजचा जमाखर्च रोज पाहायचा. आमच्याकडे याला मुहासबा म्हणतात. १९३९मध्ये या पायऱ्या छापल्या, तेव्हा ईश्वर कोणता हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं, अशी मोकळीक त्यांत ठेवली. हा फार मोठा शहाणपणा होता. नाहीतर माझ्यासारख्याला त्या खोलीत खुर्ची मिळाली नसती.

(एक जाता जाता. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९६१मध्ये बिलला पत्र लिहिलं होतं. दारूची तहान ही खालच्या पायरीवरची आत्म्याचीच तहान आहे, असा त्याचा आशय. लॅटिनमध्ये आत्म्याला आणि मद्याला एकच शब्द आहे. आपल्याकडेही दवाखान्यातल्या बाटलीवर 'स्पिरिट' लिहिलेलं असतंच की!)

मुंबईत वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. फादर स्वतः व्यसनातून बाहेर आलेले, आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. म्हणजे बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं! तिथं कुणी कुणाचा धर्म विचारत बसत नाही. एक मात्र सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर, मग सभा.

आता मदत करणाऱ्यांबद्दल. बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही ऐकला असेल. मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. बाप त्याला लांबून पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. या मिठीवर पुष्कळ बोललं जातं. मला त्याआधीचा बाप जास्त दिसतो. त्यानं परदेशी मनिऑर्डर केलेली नाही. मुलाची उधारी फेडायला नोकर धाडलेला नाही. वाटेकडे डोळे लावून तो घरीच थांबला आहे. त्या थांबण्यात किती रात्री गेल्या असतील!

बिलची पत्नी लोइस हिनं १९५१मध्ये घरच्या माणसांसाठी 'अल-ॲनॉन' उभं केलं. नवऱ्याचं किंवा मुलाचं पिणं आपल्यामुळे नाही आणि आपल्या हातातही नाही, हे तिथं आधी शिकवतात.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत. पाच वक्त नमाज पढतात, मुलासाठी रडून दुआ मागतात आणि महिनाअखेरीला त्याची गुत्त्यावरची उधारी स्वतः फेडून येत. या सभेबद्दल कळलं तेव्हा म्हणाल्या, "बेटा, चर्चच्या हॉलमध्ये जाऊ? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "खाला, गुत्त्यावर जाताना लोकांना विचारलं होतंत?" त्या हसल्या. आता दर शनिवारी जातात. मुलगा अजून पितो. मागच्या महिन्यात उधारीवाला दारात आला, तेव्हा खाला त्याला म्हणाल्या, "ज्यानं प्यायली त्याच्याकडून घे," आणि दार लावून घेतलं. मुलाचं जेवण मात्र त्यांनी झाकून ठेवलं होतं.